टस्कीगीत रोग टोचला नव्हता, पण…

‘अमेरिकी सरकारने टस्कीगीत काळ्या माणसांना सिफिलिसची इंजेक्शनं दिली’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. गंमत म्हणजे, तो खोटा ठरला की लोक अख्खं प्रकरणच ‘कारस्थानाच्या गप्पा’ म्हणून मोडीत काढतात.

घडलं ते असं. 1932 मध्ये अलाबामा राज्यातल्या मेकन काउंटीत (टस्कीगी हे गाव इथलंच) अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे 600 गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यांतल्या 399 जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग आधीपासूनच होता. त्यांना सांगितलं, तुमचं ‘रक्त खराब’ आहे. रोग पुढे काय करतो, हे मरेपर्यंत बघायचं होतं. पाठीच्या कण्यातून पाणी काढायच्या तपासणीला बोलावताना पत्रात लिहिलं होतं: खास मोफत उपचारांची ही शेवटची संधी. उपचार कसले, नुसती सुई! 1940 च्या दशकात सिफिलिस बरा करणारं पेनिसिलिन हाताशी आलं, तरी ते यांना मिळू दिलं नाही.

‘एवढं लपून राहीलच कसं?’ हा नेहमीचा सवाल. पण लपवलं कुठे होतं? 1936 पासून वैद्यकीय नियतकालिकांत निष्कर्ष छापून येत होते. डॉक्टर वाचत होते, पान उलटत होते. 1966 मध्ये पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेच्याच कर्मचाऱ्याने आक्षेप घेतला. वरिष्ठांनी काम चालूच ठेवलं. अखेर त्याने पत्रकारांना गाठलं, जुलै 1972 मध्ये बातमी फुटली आणि प्रयोग गुंडाळावा लागला.

मुद्दाम लागण करण्याचे प्रयोगही अमेरिकी डॉक्टरांनी केले, पण ते ग्वातेमालात, 1946 ते 1948 मध्ये. ते मात्र 2010 पर्यंत दडून राहिले.