ग्रुपवर काय टाकायचं आणि भानगड झाली तर जबाबदार कोण: थोडी पार्श्वभूमी

गावचा व्हॉट्सॲप ग्रुप असो, सोसायटीचा असो की दहावीच्या बॅचचा, डिस्क्रिप्शनमध्ये साधारण एकच मजकूर सापडतो. "ग्रुपवर राजकीय, धार्मिक, जातीय पोस्ट टाकू नयेत. टाकल्यास पोस्ट टाकणारा स्वतः जबाबदार राहील, ॲडमिनचा काहीही संबंध राहणार नाही." ही भाषा कुठली ते लगेच ओळखू येतं, अर्धी तालुक्याच्या साप्ताहिकातल्या "संपादक सहमत असतीलच असे नाही" या ओळीची आणि अर्धी पोलीस ठाण्याच्या नोटिशीची. एकमेकांशी बोलायचं कसं, भांडण झालं तर थांबायचं कुठे, कुणी बाईमाणसाला घाणेरडं बोललं तर बाकीच्यांनी काय करायचं, याबद्दल त्यात चकार शब्द नसतो. कारण आपल्याकडे ग्रुपवरचे नियम ठरले ते गुन्हा दाखल होईल या धास्तीतून, आणि ती धास्ती साधारण 2012 ते 2020 या आठ वर्षांत टप्प्याटप्प्यानं तयार झाली.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर वागावं कसं याची सूचनापत्रकं आपल्याकडे इंटरनेट पोचायच्याही आधीपासून फिरत होती. ऑक्टोबर 1995 मध्ये आलेलं एक पत्रक बऱ्यापैकी गाजलं, त्यात सगळी कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं, पोस्टकार्डावर जे लिहिणार नाही ते मेलमध्ये लिहू नका, डोकं तापलं असेल तर एक रात्र थांबून मग उत्तर पाठवा असल्या गोष्टी होत्या. गंमत म्हणजे ते मुख्यतः विद्यापीठांत आणि कंपन्यांत बसलेल्या माणसांसाठी होतं, ज्यांना वागणं बिघडलं तर अकाउंट जाईल एवढीच भीती. परदेशातल्या मराठी लोकांनी नव्वदच्या दशकात ज्या गप्पांच्या जागा सुरू केल्या तिथेही नियम याच वळणाचे, म्हणजे वैयक्तिक टीका नको, विषय सोडून भरकटू नका वगैरे. तिथे फार तर आयडी उडायचा, पोलीस कुणाच्या दारात येत नव्हते.

ते आले 2012 मध्ये. नोव्हेंबर महिना, मुंबईतल्या एका मोठ्या नेत्याच्या निधनानंतर सगळं बंद होतं आणि पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर बंद कशाला पाळायचा अशा अर्थाची पोस्ट टाकली, दुसरीनं ती फक्त लाइक केली. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, केसही बंद झाली, पण लाइक केलं म्हणून अटक होऊ शकते हे घराघरांत पोचलं ते पोचलंच. त्या केसमध्ये आयटी कायद्याचं कलम 66अ लागलं होतं. 2008 च्या दुरुस्तीत घुसलेलं, 2009 च्या ऑक्टोबरपासून लागू झालेलं आणि भाषा इतकी ढगळ की मेसेजमुळे कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली, अपमान वाटला तरी तीन वर्षांपर्यंत कैद. आता सांगा, आपल्याकडच्या कुठल्या ग्रुपवर रोज कुणाला तरी त्रास होत नाही?

24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं हे कलम रद्द केलं. रद्द म्हणजे मुळापासून, त्या तारखेनंतर त्याखाली गुन्हा दाखलच व्हायला नको. पण होत राहिले. 2021 च्या जुलैत न्यायालयानंच त्यावर धक्का बसल्याचं बोलून दाखवलं आणि ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. साडेसात वर्षं मेलेलं कलम चालत होतं.

ॲडमिन या भानगडीत आला तो याच काळात. लातूर जिल्ह्यात 2015 च्या ऑक्टोबरमध्ये ग्रुपवर आलेल्या एका व्हिडिओवरून अटक झाली त्यात ॲडमिनही होता. 2016 ला ग्रुपची मर्यादा 100 वरून 256 वर गेली आणि ग्रुपचं रूपच बदललं, आधी सगळे एकमेकांच्या ओळखीचे असायचे, आता शंभर-दीडशे नंबर असे की डीपी बघूनही कोण ते कळत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये काश्मीरच्या कुपवाड्यात बातम्यांच्या ग्रुपांची नोंदणी करा असा आदेश निघाला, पुढच्या एप्रिलमध्ये वाराणसीत जिल्हाधिकारी आणि पोलीसप्रमुखांनी मिळून पत्रक काढलं की ग्रुपवर अफवा आली तर ॲडमिनवर गुन्हा होऊ शकतो. त्या पत्रकांच्या बातम्यांचे स्क्रीनशॉट आपल्याकडे इतके फिरले की हा देशभरचा कायदाच आहे असं लोक धरून चालले. तसा कायदा नव्हता, आजही नाही.

ॲडमिन म्हणजे नक्की कोण हा गुंता इथे समजून घेतला पाहिजे. वर्तमानपत्राचा संपादक मजकूर आधी वाचतो, मग छापतो. ग्रुपच्या ॲडमिनला मेसेज कळतो तोच सगळ्यांबरोबर, कधी कधी सगळ्यांच्या नंतर, कारण तोही माणूस आहे आणि त्यालाही झोप लागते. त्यात ॲडमिनपद मागून मिळतंच असं नाही. शेवटचा ॲडमिन लेफ्ट झाला की ॲप उरलेल्यांतल्या कुणालाही ॲडमिन करून टाकतं. मध्य प्रदेशातल्या राजगढ जिल्ह्यात 2018 मध्ये एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला असाच फटका बसला, घरच्यांचं म्हणणं होतं की आधीचा ॲडमिन निघून गेल्यामुळे हा आपोआप ॲडमिन झाला होता, आणि पोरगं पाच महिने तुरुंगात राहिलं. आपल्याकडे लोकांनी यावर काढलेले उपाय म्हणजे एक तर दहा-बारा जणांना ॲडमिन करून ठेवायचं म्हणजे एकट्यावर येणार नाही, किंवा ग्रुप काढणाऱ्यानंच गुपचूप ॲडमिनपद दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं.

दिल्लीच्या उच्च न्यायालयानं 2016 मध्येच एका बदनामीच्या केसमध्ये सांगितलं होतं की ऑनलाइन ग्रुपच्या ॲडमिनला जबाबदार धरणं म्हणजे बदनामीचा मजकूर छापला म्हणून कागद बनवणाऱ्याला धरण्यासारखं आहे. पण ती दिवाणी बाब होती, फौजदारीत काय हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर आलं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणातून, आणि ते नीट बघण्यासारखं आहे.

प्रकरण 2016 चं. ग्रुपवर एका सदस्यानं एका महिला सदस्याबद्दल सगळ्यांसमोर घाण भाषा वापरली. तिची तक्रार अशी की ॲडमिननं त्या माणसाला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही, उलट मी काय करू शकतो म्हणून हात वर केले. गुन्हा दोघांवरही झाला. ॲडमिनवर लैंगिक शेरेबाजीचं 354अ, विनयभंगाच्या हेतूनं केलेल्या बोलण्याचं 509, अपप्रेरणेचं 107 आणि आयटी कायद्याचं अश्लील मजकुराचं 67 अशी कलमं. तो नागपूर खंडपीठात गेला आणि 1 मार्च 2021 ला त्याच्यापुरता गुन्हा रद्द झाला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. ग्रुप सुरू झाला की ॲडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, मेसेज पडायच्या आधी तो अडवण्याची सोय त्याच्याकडे नाही. दुसऱ्याच्या गुन्ह्याची जबाबदारी एखाद्यावर टाकायची तर कायद्यात तसं लिहिलेलं पाहिजे, ते लिहिलेलं नाही. दोघांचं आधी ठरलेलं होतं असं दाखवता आलं तर गोष्ट वेगळी, पण कोण काय टाकणार हे ॲडमिनला आधी माहीत असेल असं धरता येत नाही.

कायद्याच्या अंगानं निकाल बरोबरच आहे असं माझं मत. पण त्यानंतर जो जल्लोष झाला, "ॲडमिन सुटला" म्हणून मेसेज फिरले, त्यात त्या बाईचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. दिलासा ॲडमिनपुरता होता, बोलणाऱ्याला नव्हे, हेही अर्ध्या फॉरवर्डमध्ये गळालं. आणि न्यायालयानं ॲडमिन गुन्हेगार नाही म्हटलं, हात वर करणं बरोबर होतं असं नाही म्हटलं. काढायचा अधिकार त्याच्याकडे होता, तो न वापरणं बेकायदेशीर नसेल पण चांगलं वागणं म्हणजे काय याची चर्चा खरं तर तिथून सुरू व्हायला हवी होती. झाली नाही. डिसेंबर 2021 मध्ये मदुराईत आणि फेब्रुवारी 2022 मध्ये केरळात साधारण याच दिशेचे निकाल आले, केरळात तर आयटी कायद्यातला मध्यस्थ (म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर पोचवणारी सेवा) म्हणूनही ॲडमिनला धरता येणार नाही असं स्पष्ट झालं.

थोडं मागे जातो, कारण मधला 2018 ते 2020 चा काळ वगळला तर धास्ती एवढी का वाढली ते कळणार नाही. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी आल्याचे व्हिडिओ कित्येक दिवस फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता, शेवटचा खुलासा कापलेला. सरकारनं कंपनीला पत्र लिहिलं, मेसेजवर "फॉरवर्डेड" असा शिक्का यायला लागला, महिन्याच्या आत भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आली, आणि 2020 च्या एप्रिलमध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. नियम शिकवून लोक बदलतील यापेक्षा बटणच काढून घ्या, हा मार्ग तिथून सुरू झाला.

2018 च्याच जूनअखेर "फक्त ॲडमिन मेसेज टाकू शकतील" ही सोय आली होती. सुरुवातीला शाळांच्या आणि क्लासच्या ग्रुपांनी वापरली. नोव्हेंबर 2019 मध्ये अयोध्येचा निकाल लागला त्या शनिवारी सकाळी मात्र महाराष्ट्रातले ग्रुप धडाधड लॉक झाले, नातेवाइकांचे आणि ट्रेकिंगचेसुद्धा. दोन-तीन दिवसांनी कुलूप निघालं आणि गुड मॉर्निंग परत सुरू झालं, पण एक सवय लागली की काही घडलं की आधी ग्रुप लॉक.

मग 10 एप्रिल 2020. लॉकडाऊन चालू, अफवांचा पूर, आणि मुंबईत पोलिसांनी जमावबंदीच्या कलम 144 खाली आदेश काढला की ग्रुपमधून चुकीची माहिती पसरली तर ॲडमिन वैयक्तिकरीत्या जबाबदार राहील. मे महिन्यात तसाच आणखी एक निघाला. अफवा खऱ्याच जीवघेण्या होत्या, आदेश काढणाऱ्यांची अडचण समजते, पण रस्त्यावर गर्दी होऊ नये म्हणून असलेलं कलम ग्रुपवर कोण काय लिहितो याला लावणं आणि तेही न लिहिणाऱ्याला, हे ओढूनताणूनच होतं. डिस्क्रिप्शनमधला तो "संबंध राहणार नाही" मजकूर याच महिन्यांत सर्वात जास्त ग्रुपांवर चढलेला मी पाहिला. त्यानं कायद्यापुढे काही उपयोग होतो का? फारसा नाही. पण लिहिणाऱ्याला बरं वाटतं.

ग्रुपमधल्या वागण्याचा दुसराही एक धागा आहे ज्याला पोलिसांशी काही देणंघेणं नाही, तो म्हणजे लेफ्ट होणं. 2019 च्या एप्रिलपर्यंत कुणीही कुणालाही न विचारता ग्रुपात घालू शकायचं आणि निघालं की सगळ्यांना दिसायचं. त्यामुळे लेफ्ट होणं हा निषेध झाला, रुसवा झाला, "काका का लेफ्ट झाले" यावर दुसरा ग्रुप निघायला लागला. 2022 मध्ये गुपचूप निघता येऊ लागलं, आता त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते.

पण 2022 चा खरा बदल वेगळाच आहे. त्या वर्षी ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता यायला लागला. नागपूरच्या निकालाचा मोठा भार घेणं आणि काढणं एवढंच हातात असतं या वाक्यावर होता, ते वाक्य आता अर्धंच खरं राहिलं. मेसेज पडायच्या आधी अडवता येत नाही हे अजून खरं आहे, पण पडल्यावर काढता येतो, मग बघूनही काढला नाही तर? ॲडमिनची सोय म्हणून आलेलं बटण उद्या त्याच्याच विरोधात पुरावा होऊ शकतं. आणि सदस्यांची संख्याही त्याच वर्षी आधी 512, मग 1024 झाली, म्हणजे बघायचं तरी किती.

1 जुलै 2024 पासून दंडसंहिता बदलली. तेढ पसरवण्याचं 153अ आता 196 आहे आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यम स्पष्ट लिहिलेलं आहे, अफवांचं 505 आता 353, गोंदियाच्या प्रकरणातलं 354अ आता 75 आणि 509 आता 79. ग्रुपच्या ॲडमिनबद्दल मात्र नव्या संहितेतही वेगळी तरतूद नाही आणि 2021 च्या आयटी नियमांतही नाही. त्यामुळे कुणाला ठाण्यात बोलावणं आलंच तर दाखवायला हे निकालच आहेत, आणि ते सगळे ॲडमिनच्या हातात डिलीटचं बटण येण्याच्या आधीचे आहेत.