झिजलेलं ठळक अक्षर: पार्श्वभूमी

शेंगा चटणीच्या पाकिटावर, कॉलेजच्या टी-शर्टवर, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराबाहेरच्या नाटकाच्या फ्लेक्सवर एक अक्षर ओळखीचं झालंय. जाडजूड, कडा कुरतडलेल्या, पोटात पांढरे ओरखडे. शाई नीट बसली नाही असं वाटावं, असं ते मुद्दाम घडवलेलं असतं. मुळात मात्र हा बिघाड खरा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये भिंतीवरच्या जाहिरातींसाठी लठ्ठ टाइप, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, निघाले. शिशाचा मोठा टाइप जड आणि महाग पडे. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकडी टाइप यंत्राने कोरण्याची रीत काढली, तेव्हा मोठं अक्षर स्वस्त झालं. पण लाकूड चेपतं, त्याचे टवके उडतात. त्या खड्ड्यात शाई पोचत नाही आणि कागदावर पांढरा डाग राहतो. पुढे संगणकाचं अक्षर फारच गुळगुळीत निघू लागलं, तेव्हा त्या डागांची ओढ लागली. 1991 मध्ये एरिक व्हॅन ब्लॉकलंड यांनी खऱ्या टाइपरायटरच्या मळक्या अक्षरांवरून ‘ट्रिक्सी’ हा फॉन्ट केला. नव्वदच्या दशकात मग असल्या फॉन्टची लाटच आली.

हे अक्षर जाडच का लागतं? ओरखडा सोसायला अंगात मांस हवं. बारीक अक्षर तुटतं, वाचता येत नाही.

देवनागरीत गोष्ट आणखी नाजूक आहे. रोमन अक्षराची कड खरवडली तरी शब्द सहसा तोच राहतो. आपल्याकडे शिरोरेघेची डावी बाजू उडाली की ‘घ’चा ‘ध’ आणि ‘म’चा ‘भ’ होतो. एका दुकानासाठी मी ‘घरगुती चटणी’ असा मजकूर केला होता. ओरखडा नेमका पहिल्या अक्षराच्या माथ्यावर पडला आणि छापून आलं ‘धरगुती’. वर उडालेला एखादा ठिपका तर सरळ अनुस्वार होतो. ‘बड’चा ‘बंड’ व्हायला तेवढं पुरतं.

आणि आपली झीज लाकडाची असायची गरजच नाही, असं मला मनापासून वाटतं. सोलापुरात चादर-टॉवेलच्या गाठी बाहेरगावी जातात. गोणपाटावर पत्र्याचा साचा ठेवून काळी शाई फिरवली, की ती उंच धाग्यांवर बसते आणि विणीच्या खळग्यांत शिरत नाही. त्यामुळे कोरे ठिपके उभ्या-आडव्या ओळींत पडतात. लाकडाच्या लांबट रेषांशी त्यांचा काही संबंध नसतो. साच्याखाली शाई झिरपते, तिथे कड सुजते. खुद्द चादरीत विणलेलं नाव पाहिलं तर गोलाईसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी वळलेली दिसते.

वापराचं म्हणाल तर मथळा, बोर्ड, लेबल एवढंच. परिच्छेद या अक्षरात लावू नये. लहान आकारात ते छपाईची चूक वाटतं. रेडियमचं स्टिकर कापायचं असेल तर प्रत्येक ठिपका चिमट्याने काढत बसावं लागतं. त्या कामासाठी साधं ठळक अक्षरच बरं. मी आता शिरोरेघ आणि अनुस्वार आधी राखून ठेवतो, ओरखडे खालच्या दांड्यांवर घालतो आणि त्यांचा नमुना गोणपाटाच्या फोटोवरून उचलतो.