चाळिशीनंतरची गोळी : वयाची अट आली कुठून?

पस्तिशी उलटली की गर्भनिरोधक गोळ्या बंद करायच्या, हे आपल्याकडे थोरल्या जावेकडून, मैत्रिणीकडून, कधी औषधाच्या दुकानातही ऐकायला मिळतं. ही अट कुणी घातली आणि कशावरून घातली, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

पहिली गोळी होती अमेरिकेतल्या सर्ल कंपनीची एनोव्हिड. १९५७ साली ती पाळीच्या तक्रारींवरचं औषध म्हणून बाजारात आली आणि १९६० साली तिला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली. त्या एका गोळीत सुमारे १० मिलिग्रॅम प्रोजेस्टिन आणि १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन ही दोन स्त्री-हार्मोनसारखी द्रव्यं असायची. पोर्तो रिकोत १९५६ पासून गरीब वस्त्यांतल्या बायकांवर तिच्या चाचण्या झाल्या. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी तेव्हाच कळवलं होतं, की मळमळ, चक्कर, डोकेदुखी अशा तक्रारी फार आहेत. त्यांचं म्हणणं कुणी गांभीर्याने घेतलं नाही. मात्रा कमी करायला लागलेली पुढची कित्येक वर्षं मला म्हणूनच जास्त सलतात.

नोव्हेंबर १९६१ मध्ये इंग्लंडमधल्या सफक परगण्यातले डॉक्टर डब्ल्यू. एम. जॉर्डन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला एक पत्र लिहिलं. त्यांच्याकडे चाळिशीची एक परिचारिका उपचार घेत होती. एंडोमेट्रिऑसिस म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारासाठी ती हीच गोळी घेत होती आणि तिच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. गोळी आणि गुठळी यांचा संबंध जोडणारी ही पहिली नोंद मानली जाते. मग ब्रिटनमध्ये शास्त्रशुद्ध अभ्यास झाले आणि १९६८ पर्यंत संबंध पक्का झाला. इस्ट्रोजेन जितकं जास्त, तितका गुठळीचा धोका जास्त, हेही लक्षात आलं. १९६९ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊ नका, असं डॉक्टरांना सांगितलं.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या सिनेटमध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे गोळीच्या धोक्यांवर सुनावणी सुरू झाली. साक्ष द्यायला डॉक्टर आले, शास्त्रज्ञ आले. गोळी घेणारी एकही बाई बोलावलेली नव्हती. तेव्हा स्त्रीमुक्ती कार्यकर्ती ॲलिस वुल्फसन आणि तिच्या सोबतच्या बायका प्रेक्षकांत उभ्या राहून विचारू लागल्या, की आम्हाला हे आधी का सांगितलं नाही? गोळीच्या पाकिटात जी घडी घातलेली माहितीपत्रिका मिळते, तिची सुरुवात या सुनावणीतून झाली. ती पत्रिका न वाचता टाकून देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ती भांडून मिळवलेली आहे.

वयाचा मुद्दा ठळक झाला तो सत्तरच्या दशकात. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने १९६८ पासून सुमारे ४६ हजार स्त्रियांची नोंद ठेवायला घेतली. त्यातल्या साधारण निम्म्या गोळी घेणाऱ्या होत्या. १९७७ साली निष्कर्ष आले: गोळी घेतलेल्यांमध्ये हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू जास्त. पस्तिशीपुढच्या स्त्रियांनी गोळी चालू ठेवायची का याचा फेरविचार करावा, असा सल्ला निघाला. बातमी जगभर गेली आणि ‘पस्तीस’ हा आकडा लोकांच्या मनात बसला. १९८१ च्या पुढच्या विश्लेषणात चित्र स्पष्ट झालं. जादा धोका मुख्यतः पस्तिशीपुढच्या आणि सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांत होता. ही मंडळी घेत होती त्यातल्या बऱ्याच गोळ्याही जुन्या, जड मात्रेच्या होत्या.

दरम्यान गोळी हलकी होत गेली. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने निरोगी आणि धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांसाठी तिथे तेव्हा असलेली चाळिशीची मर्यादा काढून टाकावी, अशी शिफारस केली. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत चाळिशीनंतर एकत्रित गोळीचे, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन दोन्ही असलेल्या गोळीचे, फायदे सर्वसाधारणपणे धोक्यांपेक्षा जास्त मानले आहेत. पस्तिशीपुढे सिगारेट ओढणाऱ्यांना मात्र ती देऊ नये. बीपी जास्त असेल किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठत असेल, तरीही नाही.

हा बदल आपल्यापर्यंत नीट पोचलाच नाही, असं माझं मत आहे. सरकारी माला-एन किंवा माला-डी घ्या. २१ गोळ्यांत प्रत्येकी ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन, उरलेल्या सात लोहाच्या. एनोव्हिडमधलं इस्ट्रोजेन वेगळ्या प्रकारचं होतं, पण वजनाने ते पाचपट. शिवाय आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या बायका थोड्या. पस्तिशीनंतर इथे विचारायचं ते बीपी, साखर, वजन, अर्धशिशी आणि घरात कुणाला गुठळी झाली होती का, हे. बीपी न मोजता केवळ वय ऐकून गोळी बंद करणं जितकं चूक, तितकंच बीपी न मोजता वर्षानुवर्षं चालू ठेवणंही चूक.

अर्थात महाराष्ट्रात दोन मुलं झाली की ऑपरेशन, हीच वाट अजून मोठी आहे. त्यामुळे चाळिशीत गोळी पुढे येते ती बहुतेकदा पाळीत अंगावरून फार जातं म्हणून, उपचार म्हणून.

दीर्घकाळ घेण्याचं काय? २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ४५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. पंधरा वर्षं गोळी घेतलेल्यांत बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका जवळजवळ निम्मा झालेला दिसला. दुसरी बाजू १९९६ च्या विश्लेषणात आहे: गोळी चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो आणि बंद केल्यावर दहा वर्षांत तो फरक उरत नाही. चाळिशीत स्तनाच्या कॅन्सरचा मूळ धोकाच विशीपेक्षा जास्त असल्याने हा ‘थोडा’ तिथे जास्त महत्त्वाचा ठरतो.

शेवटी पाळी जाण्याचा प्रश्न. गोळी घेणाऱ्या बाईला दर महिन्याला होणारा रक्तस्राव हार्मोन थांबल्यामुळे होतो. ती नैसर्गिक पाळी नसते. म्हणून आतून पाळी गेली तरी बाहेर पत्ता लागत नाही, आणि एकत्रित गोळी चालू असताना केलेल्या एफएसएचच्या (पाळी गेली का हे पाहायला रक्तात मोजतात त्या हार्मोनच्या) तपासणीवरही भरवसा ठेवता येत नाही. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार पन्नाशीला एकत्रित गोळी थांबवून निरोध किंवा फक्त प्रोजेस्टिनची गोळी यांसारख्या साधनाकडे वळावं. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी त्याच्या आधीच, ४६-४७ च्या सुमारास जाते. त्यामुळे पंचेचाळिशीच्या पुढे दर वर्षी बीपी तपासायला जाल, तेव्हा गोळीची अजून गरज आहे का, हेही डॉक्टरांना विचारा.