नवी मुंबईत घर घेताय? आधी नोडचं वय विचारा

आमच्या ऑफिसात येणारी निम्मी माणसं खुर्चीत टेकायच्या आधीच विचारतात, "खारघर बरं की उलवे?" आम्ही लगेच उत्तर देत नाही. आधी आम्हीच उलट विचारतो की घरात कोण कोण आहे, कामाला कुठे जाता, मुलं कितवीत आहेत, आईवडील सोबत राहणार का. काहींना वाटतं हे उगाच चौकश्या करतायत. पण हे कळल्याशिवाय नोड (म्हणजे नवी मुंबईचा आखून वसवलेला एकेक भाग, जसं वाशी किंवा खारघर) सांगणं म्हणजे पेशंट न बघता गोळी देण्यासारखं आहे, आणि त्या गोळीचे हप्ते तुम्हाला वीस वर्षं भरायचे असतात.

तर हे चार पानी पत्रक. फ्लॅट बघायला निघण्याआधी घरी सगळ्यांनी मिळून वाचा.

नवी मुंबई आखून वसवलेलं शहर आहे हे सगळ्यांना माहीत असतं. हे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेऊन ३४४ चौरस किलोमीटरचा आराखडा केला, त्याचे नोड पाडले आणि नोडचे सेक्टर. कल्पना अशी होती की प्रत्येक नोडला स्वतःचं स्टेशन, बाजार, शाळा, दवाखाना, बाग, म्हणजे माणसाला रोजच्या गोष्टींसाठी लांब जायला लागू नये. कल्पना छानच आहे. पण गिऱ्हाईक इथेच फसतं, कारण नकाशावर सगळे नोड सारखे दिसतात आणि प्रत्यक्षात ते वेगवेगळ्या वर्षी जन्मलेत. वाशीला खाडीपूल १९७३ ला आला आणि लोकल १९९२ ला, म्हणजे मधली एकोणीस वर्षं वाशीकरांनी बसवर काढली. आज वाशीत सगळं पायाखाली आहे ते त्या लोकांनी काढलेल्या दिवसांमुळे. उलवे आज त्याच मधल्या वर्षांत आहे, फरक एवढाच की तिथे निदान ट्रेन लवकर आली.

म्हणून आम्ही म्हणतो की फ्लॅटचं वय नंतर बघा, नोडचं वय आधी. म्हातारा नोड महाग असतो, बिल्डिंगी जुन्या, पार्किंगची बोंब, पण रात्री दोनला वडिलांच्या छातीत दुखलं तर दहा मिनिटांत हॉस्पिटल. तरुण नोडमध्ये त्याच पैशात एक खोली जास्त मिळते, लिफ्ट चकचकीत, आणि कोथिंबीर आणायला स्कूटर काढावी लागते. यात चांगलं वाईट असं काही नाही, तुमच्या घराच्या वयाला कोणत्या नोडचं वय जुळतं तेवढंच बघायचं, पत्रिका बघतात तसं.

नोड कोणते, थोडक्यात

वाशी, नेरूळ, बेलापूर, सानपाडा हे बसलेले नोड. पाणी नवी मुंबई महापालिकेचं, आणि महापालिकेचं मोरबे धरण स्वतःचं आहे, त्यामुळे उन्हाळ्यात इथले लोक बाकीच्यांपेक्षा निवांत असतात. वाशीत सिडकोच्या जुन्या जेएन वन, जेएन टू टाइपच्या बिल्डिंगी आहेत, त्यात स्वस्तातला फ्लॅट दिसला की लगेच उडी मारू नका, आधी विचारा की रीडेव्हलपमेंट कुठवर आलंय, सोसायटीत दोन गट आहेत का, आणि घर सोडायला लागलं तर भाडं कोण देणार. सानपाड्यात आणि वाशीच्या त्या बाजूला एपीएमसी मार्केट म्हणजे घाऊक बाजार आहे, पहाटेपासून ट्रक, पण भाजी मात्र झकास.

ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे ठाण्याकडे आणि आयटी पार्ककडे नोकरी असणाऱ्यांसाठी. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांची छोटी छोटी रो-हाऊस आहेत, त्यातली बरीच आता उंच झालीत, वाढवलेल्या मजल्यांची परवानगी तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे मधल्या वयाचे. २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत पण पाणी अजून मुख्यतः सिडकोच्या हातात, म्हणजे तक्रार कुठे करायची हा एक वेगळा अभ्यास आहे. रीसेल घेताना विकणाऱ्याकडून घरपट्टीची पावती मागाच, कारण पालिकेने बिलं उशिरा पाठवली आणि ती २०१६ पासूनची लावली, बऱ्याच लोकांनी वादात ती भरलीच नाहीत, आणि थकबाकी फ्लॅटबरोबर येते.

उलवे आणि द्रोणागिरी सगळ्यात तरुण. दोन्हीकडे महापालिका नाही, सिडकोच सर्वकाही.

"होणार आहे" याला किती पैसे द्यायचे

हा मुद्दा जरा सावकाश वाचा. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि मेट्रो धावली १७ नोव्हेंबर २०२३ ला. ११ स्टेशनांना १२ वर्षं. ज्यांनी २०१२ साली खारघरच्या आतल्या सेक्टरमध्ये "मेट्रो टच" म्हणून फ्लॅट घेतला त्यांचा पोरगा तेव्हा बालवाडीत होता, मेट्रो आली तेव्हा तो दहावीच्या क्लासला जात होता, आणि तोवर बापाने स्टेशनपर्यंत रिक्षाला किती घातले याचा हिशोब कोणी ठेवत नाही. विमानतळाचंही तेच. पायाभरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला, पण ब्रोशरवर "एअरपोर्ट १० मिनिटांवर" हे त्याच्या कितीतरी आधीपासून छापून येत होतं.

आम्ही असं म्हणत नाही की होत नाही. होतं. मुंबईला जाणारा समुद्रावरचा पूल, अटल सेतू, झाला, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, त्याच दिवशी खारकोपर ते उरण रेल्वेही सुरू झाली. पण भाव मात्र घोषणेच्या दिवशीच वाढतात आणि सोय तुमच्या सोयीने येत नाही. आमचा साधा नियम: आज ज्या गोष्टी चालू आहेत तेवढ्यावर घर पटतंय का बघा, बाकी जे येईल तो बोनस.

आणि आलेली सोय आपल्या कामाची आहे का तेही. अटल सेतूवर मोटारीला सुरुवातीपासून एका बाजूचा टोल २५० रुपये आहे. तुमची नोकरी फोर्टात, गाडी कंपनीची, टोल कंपनीचा, तर उलवे तुमच्यासाठीच बनलंय. नोकरी ऐरोलीत आणि प्रवास ट्रेनने, तर अटल सेतू तुम्हाला फक्त गच्चीतून दिसणार. एक जोडपं आलं होतं, दोघंही ऐरोलीत आयटीत, उलव्याचा टूबीएचके पसंत, बजेटमध्ये बसत होता. आम्ही म्हटलं सोमवारी सकाळी उलव्याच्या बामणडोंगरी स्टेशनहून ऑफिसला जाऊन दाखवा. नेरूळला गाडी बदलायची, आणि उरण लाइनच्या गाड्या कमी, एक चुकली की बसा प्लॅटफॉर्मवर. मंगळवारी फोन आला, घणसोलीत वनबीएचके दाखवा म्हणून.

पाणी, आणि आमची एक चूक

हे लिहायला बरं वाटत नाही पण लिहितो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कुटुंबाला खारघरमध्ये डोंगराकडच्या बाजूला फ्लॅट दिला. जानेवारीत बघितला, फेब्रुवारीत रजिस्ट्रेशन, पाडव्याला गृहप्रवेश, आम्ही पेढे खाऊन आलो. मे महिन्यात त्यांचा फोन आला की साहेब पाणी दिवसाला पाऊण तास येतंय आणि मेंटेनन्समध्ये टँकरचे वेगळे लावलेत. आम्ही पाण्याचं विचारलं नव्हतं का? विचारलं होतं, सेक्रेटरीला. सेक्रेटरी म्हणाले काही प्रॉब्लेम नाही. जानेवारीत खरंच नव्हता.

तेव्हापासून आम्ही वॉचमनला विचारतो. टँकर कधी येतो, किती वाजता, मेमध्ये किती येतात, हे वॉचमनला तोंडपाठ असतं कारण गेट तोच उघडतो. शिवाय सोसायटीची मागच्या बारा महिन्यांची मेंटेनन्स बिलं मागा, एप्रिल-मे-जूनची खास बघा. द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा. खारघर आणि उलवे दोन्हीकडे हे करायचंच, नवीन टॉवर असला तरी, किंबहुना नवीन टॉवर असेल तर जास्तच, कारण स्विमिंग पूल असलेल्या बिल्डिंगीत नळ कोरडा असं आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

समोरचा मोकळा प्लॉट

बाल्कनीतून हिरवंगार दिसतंय, एजंट म्हणतो "लाइफटाइम ओपन व्ह्यू". या दोन शब्दांचे चौरस फुटाला वेगळे पैसे लावतात बरं का. नवी मुंबईत कुठलाही प्लॉट नुसता रिकामा नसतो, तो कशाला तरी राखलेला असतो आणि कुठल्या कामासाठी ते आराखड्यात लिहिलेलं असतं, शाळा, बाग, देऊळ, दुकानं, रहिवासी. सेक्टरचा नकाशा काढा आणि समोरचा प्लॉट नंबर त्यात शोधा. आम्ही काढून देतो. बाग असली तरी ती झालेली आहे का फक्त कागदावर आहे बघा, झालेली असेल तर टिकण्याची शक्यता जास्त.

खारफुटी समोर असेल तर तिथे बांधकाम होऊ नये असा कायदा आहे, पण डासांना कायदा नाही.

आणि भरती. या शहराचा बराच भाग खाडीला मातीचे बांध घालून, भराव टाकून उभा आहे, भरतीचं पाणी तिथल्या जमिनीपेक्षा वर येतं. म्हणून सिडकोने होल्डिंग पॉन्ड म्हणजे धारण तलाव केले, भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला सोडून देतात. पद्धत चोख आहे पण बऱ्याच तलावांत गाळ भरलाय, त्यात खारफुटी उगवली, आता परवानगीशिवाय ती तोडता येत नाही आणि गाळ काढता येत नाही. त्यामुळे बेलापूर-वाशीच्या खालच्या सेक्टरांत जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की रस्त्यात पाणी. तळमजला किंवा खालचं दुकान घेत असाल तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, शटरच्या आत पाणी कुठवर आलं होतं ते तो बोटाने दाखवतो.

नाकाचंही काम आहे. तळोजा एमआयडीसीच्या बाजूचे खारघरचे सेक्टर, कळंबोली, कामोठे इथे काही रात्री केमिकलचा वास येतो, दिवसा बारा वाजता फ्लॅट बघितला तर कळणारसुद्धा नाही. घरात दम्याचा पेशंट असेल तर रात्री अकरानंतर दोन चकरा मारा, आम्ही सोबत येतो. विमानतळ चालू झालाय, तेव्हा उलव्यात आणि पनवेलच्या बाजूला गच्चीवर अर्धा तास उभं राहून आवाजही ऐकून घ्या.

जमीन कोणाची

इथे गल्लत फार होते. सिडकोने टेंडर काढून दिलेला प्लॉट, साडेबारा टक्क्याचा प्लॉट आणि गावठाण हे तिन्ही एकाच रस्त्यावर असू शकतात आणि बाहेरून बिल्डिंगी सारख्याच दिसतात. साडेबारा टक्के म्हणजे काय हे बाहेरून येणाऱ्यांना माहीत नसतं. जमिनी गेल्या त्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला जानेवारी १९८४ मध्ये मोठं आंदोलन केलं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे ही योजना आली की घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत मिळणार. त्यातलेही पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापतात, हातात पावणेनऊ. असे प्लॉट बिल्डरांनी घेऊन त्यावर बिल्डिंगी बांधल्या, त्यात वाईट काहीच नाही, फक्त मूळ शेतकऱ्याचे वारस किती, सगळ्यांच्या सह्या आहेत का, त्रिपक्षीय करार (सिडको, शेतकरी आणि बिल्डर यांच्यातला) झालाय का हे वकिलाकडून बघून घ्यायचं.

गावठाणातल्या बिल्डिंगी स्वस्त का असतात तर बहुतेकांना परवानगीच नसते, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र नाही, बँक लोन देत नाही. दिघ्याला कोर्टाच्या आदेशाने बिल्डिंगी पडल्या तेव्हा आत राहणाऱ्यांनी आयुष्यभराची कमाई घातलेली होती. आम्ही असे फ्लॅट दाखवतच नाही, कितीही ओळख काढलीत तरी.

नियोजित सेक्टरातही जमीन साधारणपणे सिडकोची ६० वर्षांच्या लीजवर असते, म्हणून रीसेलला सिडकोची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला आणि ट्रान्सफर चार्जेस लागतात. ते कोण भरणार हे टोकनच्या (बयाण्याच्या) आधी कागदावर घ्या, तोंडी नको, यावरून सख्ख्या मित्रांत अबोला झालेला बघितलाय. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराचा (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकून बघा, करार नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डर मागू शकत नाही, आणि भाव कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, बोला. रजिस्ट्रेशन फी एक टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. फ्लॅट बाईच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट मिळते, आमचे बरेच ग्राहक त्यासाठीच पहिल्यांदा बायकोच्या नावाने काहीतरी घेतात.

येताना काय आणायचं

पगाराची स्लिप नंतर. पहिल्या भेटीला घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात लहान माणूस दोघांना आणा, कारण नोड त्या दोघांसाठीच निवडायचा असतो, कमावणारा माणूस काय, रात्री झोपायला येणार. आजी जिने बघतात, रिक्षा मिळते का बघतात, देऊळ किती लांब आहे विचारतात. पोरं खाली उतरून खेळायला कोणी आहे का ते पाच मिनिटांत शोधून काढतात.

प्रत्येक बिल्डिंग आम्ही तीनदा दाखवतो, एकदा सकाळी ऑफिसच्या वेळेला, एकदा रात्री, आणि पावसाळा असेल तर भरतीचं टाइमटेबल बघून. तिन्ही चकरा होईपर्यंत टोकन घेत नाही, आग्रह केलात तरी.