रेल्वे यार्डावर शहर वसवताना

शहराच्या मधोमध जुनं रेल्वे यार्ड रिकामं होणार म्हटलं की चर्चा लगेच टॉवर, बाग आणि मॉलवर जाते. आराखडा मात्र दोन गोष्टींवर ठरतो. खाली गाड्या चालूच राहणार आहेत का, आणि जमिनीत काय मुरलं आहे?

न्यूयॉर्कच्या हडसन यार्ड्समध्ये गाड्या चालूच राहणार होत्या. सकाळची गर्दी ओसरली की लाँग आयलंडच्या लोकल इथल्या 30 रुळांवर उभ्या राहतात आणि संध्याकाळी पुन्हा निघतात. म्हणून पूर्वेकडच्या अर्ध्या यार्डावर पोलाद-काँक्रीटचा डेक, म्हणजे रुळांवरचं छत आणि नव्या शहराची जमीन, टाकला. खांबांना जागा फक्त रुळांच्या मधल्या पट्ट्यांत, आणि तिथेही केबल, गटारं, खालून जाणारे बोगदे. क्षेत्राच्या जेमतेम 38 टक्के भागातच खांब रोवता येत होते. खडकापर्यंत सुमारे 300 भोकं घेतली, तीही एका वेळी जास्तीत जास्त चार रूळ बंद ठेवून. आपल्याकडचा मेगाब्लॉक, फक्त रविवारपुरता नाही! यार्डाच्या तोंडाशी सगळे रूळ एकवटतात, तिथे तर खांबाला जागाच उरत नाही. लांब ट्रस (त्रिकोणी सांगाड्याच्या तुळया) टाकून ते अंतर ओलांडावं लागतं. टॉवरचं ओझं डेकवर नाही. त्यांचे खांब डेक भेदून थेट खडकात उतरतात.

डेक झाल्यावर पंचाईत झाली झाडांची. खाली उभ्या गाड्यांच्या उष्णतेमुळे छताखालचं तापमान 65 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं, म्हणजे मुळं खालून भाजणार. त्यावर उपाय म्हणून मातीखालच्या काँक्रीटमध्ये थंड द्रव खेळवणाऱ्या नळ्या घातल्या आणि यार्डातली गरम हवा बाहेर फेकायला जेट इंजिनच्या धर्तीचे 15 पंखे बसवले. ही यंत्रणा कायम चालवावी लागते. डेकवरच्या बागेचा खर्च लावताना हे वीजबिल सोयीस्करपणे विसरलं जातं.

लंडनच्या किंग्ज क्रॉसमागच्या 27 हेक्टरांवर मालवाहतूक केव्हाच आटली होती, त्यामुळे डेकची गरज पडली नाही. 1852 च्या धान्य कोठारात 2011 मध्ये कला महाविद्यालय आलं. शेजारच्या कोळशाच्या शेडमध्ये वॅगन वरच्या मजल्यावर यायच्या, कोळसा फळ्यांतून खाली पडायचा आणि तळात पोत्यांत भरून घोडागाड्यांवर चढायचा. त्याच कमानींत 2018 पासून दुकानं आहेत.

अशा मोकळ्या जमिनीची खरी अडचण मातीत असते. रुळांखालच्या लाकडी स्लीपरना लावलेलं क्रिओसोट हे डांबरी तेल, इंजिनांतून गळलेलं तेल, कोळशाची राख, जुन्या रंगातलं शिसं, ॲस्बेस्टॉस. आधी चौकटी आखून वेगवेगळ्या खोलीचे नमुने तपासायचे. सरसकट सगळी माती उपसून डंपिंगवर टाकणं महाग पडतं, शिवाय विष नुसतं दुसऱ्याच्या दारात जातं. बागेखाली बहुधा खूण म्हणून रंगीत जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचं कृत्रिम कापड) अंथरून वर स्वच्छ मातीचा थर देतात. पुढे कोणी खणलं तर कापड लागताच थांबायचं. घरांखाली हे पुरत नाही, कारण तेलाची वाफ भेगांतून वर येते. तिथे वाफरोधक पडदा हवा.

बर्लिनने तिसरी वाट धरली. 1952 मध्ये बंद पडलेल्या टेम्पेलहोफच्या शंटिंग यार्डात रुळांमधून झाडं वाढली होती. तिथले सुमारे 18 हेक्टर 2000 पासून निसर्ग उद्यान म्हणून खुले आहेत. राखीव भागात लोक जमिनीपासून थोड्या उंचीवरच्या लोखंडी जाळीच्या वाटेने फिरतात. फक्त कुंपण घालून सोडलं असतं, तर झाडीने खडीवरचं दुर्मिळ गवत गिळलं असतं. म्हणून काही भाग कापून, मेंढ्या चारून मोकळा ठेवावा लागतो.

मुंबईत चालू कारशेडवर डेकची कल्पना मांडताना उंचीचा हिशोब आधी करावा. न्यूयॉर्कच्या त्या लोकलला वीज जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून मिळते. आपली ओव्हरहेड वायर साधारण साडेपाच मीटरवर, तिच्यावर सुरक्षित अंतर, मग तुळया आणि स्लॅब. फरशी 9 मीटरवर गेली असं धरा. व्हीलचेअरला झेपेल अशा 1:20 च्या उताराने रस्त्यावरून तिथे पोहोचायला 180 मीटरचा रॅम्प लागेल, आणि तो सहसा यार्डाच्या हद्दीबाहेरच उतरेल.