जुनी जर्मन सेदान घेताय? टोकन द्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार. आमच्या गॅरेजला दर आठवड्याला निदान एक तरी फोन असा येतो की दादा, २०१२ ची बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरिज मिळतेय, नवी साधी एसयूव्ही घ्यायची त्यापेक्षा स्वस्त पडतेय, घेऊ का? आम्ही उलट विचारतो, बिलं आहेत का? त्यावर बहुतेक वेळा उत्तर येतं की बिलं नाहीत पण गाडी एकदम मस्त आहे, रनिंग पण कमी आहे. या गाड्या आम्ही रोज उघडतो, आम्हाला त्या मनापासून आवडतात, आणि म्हणूनच कोणी चुकीची गाडी घेऊन आमच्या दारात टोचन करून आणली की आम्हालाच वाईट वाटतं. म्हणून हे पत्रक.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती बीएमडब्ल्यू ५३० डी ची, एफ १० मॉडेल, आपल्याकडे २०१० पासून आलेलं. तीन लिटर, सहा सिलिंडर, एन ५७ इंजिन, आधी २४५ आणि नंतरच्या गाड्यांत २५८ हॉर्सपॉवर. एक्स्प्रेसवेला पाय दाबला की कळतं लोक का वेडे होतात. इंजिन मुळात दणकट आहे, आम्ही दोन लाख किमीच्या पुढे गेलेली पाहिलीत, आतून स्वच्छ. पण या इंजिनची टायमिंग चेन, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्हचा मेळ ठेवणारी साखळी, मागच्या बाजूला आहे, गिअरबॉक्सकडे, म्हणजे चेन वाजायला लागली तर तिथपर्यंत पोचायलाच गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. पार्टपेक्षा मजुरी जड पडते. चेन खराब होण्यामागे बहुतेक वेळा ऑइल असतं, वीस-पंचवीस हजार किमी एकाच ऑइलवर ओढलेली गाडी. आम्ही आमच्या ग्राहकांना १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, आणि बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ-०४ दर्जाचंच ऑइल सांगतो, यात तडजोड करू नका.

म्हणून गाडी बघायला जायचं ते सकाळी, थंड इंजिनवर. विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही यायच्या आधी स्टार्ट करू नका. पोचल्यावर पहिलं बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर गोड बोलून दुसऱ्या दिवशी या म्हणा आणि निघा. स्टार्ट करताना एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला कान द्यायचा. पहिले दोन-तीन सेकंद मागून खर्रर्र असा पातळ पत्र्यासारखा आवाज आला आणि मग गेला, तर ती चेन असू शकते, मग पुढचं बोलणं आम्हाला गाडी दाखवल्याशिवाय करू नका. समोरच्या बाजूला क्रँकची पुली असते, तिच्यातलं रबर चिरतं, तेही टॉर्च मारून बघा कारण ती सुटली तर बेल्ट घेऊन जाते.

ईजीआर कूलरचं, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडण्याआधी थंड करणाऱ्या भागाचं, तर विचाराच. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या, कूलरमधून कूलंट गळून काजळीवर साचत होतं हे कारण निघालं, मग कंपनीने बऱ्याच देशांत गाड्या परत बोलावून तो भाग तपासला, बदलला. तुम्ही घेताय त्या गाडीचं काय झालंय ते चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारता येतं, आणि कूलंट वारंवार कमी होतंय असं कळलं तर तिथेच थांबा.

आता रनिंगबद्दल, कारण इथेच सगळे फसतात. या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर असायच्या, ड्रायव्हर साहेबांना ऑफिसला सोडणार आणि मग खाली एसी लावून दोन-दोन तास इंजिन चालू. मीटरवर ४५,००० किमी दिसतात पण इंजिन त्याच्या कितीतरी जास्त चाललेलं असतं आणि इनटेक, म्हणजे इंजिनात हवा जायचा मार्ग, काजळीने भरलेला असतो. आमच्या मते पुणे-बंगळुरू करून १,२०,००० झालेली आणि प्रत्येक ऑइलचं बिल असलेली गाडी त्यापेक्षा चांगली, डोळे झाकून.

आणि मीटर फिरवलेले असतात हो. मागे एक ग्राहक २०१२ ची गाडी घेऊन आले, मीटरवर ५८,०००, आतून चकाचक, सीटला नवं पॉलिश. आम्ही स्कॅनर लावला तर एका ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू करायला गरम होणारा प्लग) जुना फॉल्ट साठवलेला होता आणि त्या फॉल्टपुढे किमी लिहिले होते १,१२,०००. मीटर बदलणाऱ्याने डॅशबोर्डमधला आकडा बदलला, पण फॉल्ट इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये राहून गेला. मग ब्रेक पेडलचं रबर बघितलं तर उजव्या कोपऱ्यात रेघा पूर्ण गुळगुळीत. ५८,००० ला पेडल असं होत नाही. ग्राहकांनी टोकन दिलेलं होतं, ते परत मिळवायला त्यांना महिना लागला. म्हणून दोन्ही चाव्या मागून घ्या, चावीतसुद्धा किमीची नोंद असते, ती आम्ही वाचून देतो.

५३० डी चा गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे, फार सुंदर गिअरबॉक्स. पण "याचं ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं" हे वाक्य कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. बनवणारी झेडएफच स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं सांगते. चेंबर, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं, प्लास्टिकचं आहे आणि फिल्टर त्याच्यातच असतो, म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खं चेंबर नवीन, त्यामुळे स्वस्तात ऑइल बदलून दिलं म्हणणाऱ्याला फिल्टरचं काय केलं ते विचारा. चालवून बघताना पुण्यात नवले पुलाकडून नवीन कात्रज बोगद्याचा चढ घ्या, अर्धा अॅक्सिलरेटर देऊन, आणि मग उतारावर हळू करताना तिसऱ्या-दुसऱ्याला झटका येतो का बघा. ८०-१०० ला ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर पुढच्या आर्मचे ऑइल भरलेले बुश फुटलेले असू शकतात, आपल्या खड्ड्यांत ते जातातच, त्याला घाबरू नका, फक्त किंमत कमी करून घ्या. स्टेपनी नसते, टायर रनफ्लॅट असतात, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, टायरवरचे चार आकडे वाचा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

पाण्यात बुडालेली गाडी मात्र कितीही स्वस्त असली तरी नको. एफ १० ची बॅटरी डिकीत असते आणि आजूबाजूला इलेक्ट्रॉनिक्स. डिकीतलं कार्पेट उचलून बोट फिरवा, बारीक वाळलेला गाळ लागतोय का बघा. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, मागचे पण, कारण वरचं सगळं ड्रायक्लीन होतं पण गुंडाळलेल्या पट्ट्यावर पाण्याची रेष राहते.

पेट्रोल हवी असेल तर बीएमडब्ल्यूच्याच थ्री सीरिजची ३२८ आय छान आहे, तीही २४५ हॉर्सपॉवर, पण तिच्या एन २० इंजिनमध्ये चेनचे प्लास्टिक गाइड तुटतात, मुख्यतः २०१५ आधीच्या गाड्यांत. हळू अॅक्सिलरेट करताना बारीक शिट्टीसारखा आवाज आला तर आणा, चेंबर खोलून प्लास्टिकचे तुकडे आहेत का ते बघू. मर्सिडीजची सी ६३ कोणी घेत असेल तर हेड बोल्टचं काम झालंय का हे पहिलं विचारा, बाकी तिच्याबद्दल समोरासमोर बोलू.

ट्यूनिंगचंही विचारा. स्टेज वन, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं, हे करून दोन-तीन वर्षं पळवलेली गाडी विकताना परत स्टॉक, म्हणजे कंपनीसारखी, करतात. आम्ही ट्यूनिंगच्या विरोधात नाही, लपवण्याच्या विरोधात आहोत.

दिल्लीच्या गाड्यांचं: तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आले म्हणून त्या इकडे स्वस्त येतात. तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका, बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स वेगळा, तो धरून हिशोब करा. आरसीवर लोन चढलेलं नाही ना तेही बघा.

गाडीच्या किमतीच्या निदान पाव भाग पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. पंधरा लाखाचं बजेट असेल तर बारा लाखाची गाडी बघा. हे ऐकून बरेच जण नाराज होतात, पण ज्यांनी ऐकलं ते आज निवांत चालवतायत.

आमच्याकडे तपासणीला साधारण तीन तास लागतात, लिफ्टवर घेऊन, स्कॅन करून, फोटोसकट लेखी रिपोर्ट देतो. आम्ही गाड्या विकत नाही आणि कुठल्या डीलरकडून कमिशन घेत नाही. आदल्या दिवशी फोन करा, गाडी शक्यतो रात्रीच आणून लावा म्हणजे सकाळी इंजिन थंड मिळेल. दोन्ही चाव्या, आरसी, आणि जी काय बिलं असतील ती सगळी, फाटकी का असेनात, सोबत आणा.