भेंडी ‘जून’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

मंडईत भेंडी घेताना टोक मोडून बघायची खोड काही जात नाही. भाजीवाल्या मावशी डोळे वटारतात, तरी अंगठा आपलं काम करतोच. ‘कट्’कन तुटली तर कोवळी. नुसतीच वाकली आणि आत दोरे ताणले गेले, तर जून.

कोवळ्या भेंडीचा ताठपणा बराचसा पाण्याचा असतो. पातळ भिंतींच्या पेशी पाण्यानं टम्म फुगून एकमेकींना रेटत असतात. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त भरू शकतो. कोथिंबिरीची जुडी दुपारी मान टाकते आणि देठ पाण्यात बुडवले की पुन्हा उभी राहते, ती याच दाबाच्या जोरावर. एकसारखं काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ऊती म्हणतात; या साध्या, पातळ भिंतींच्या पेशींची ती मूल ऊती.

नुसत्या पाण्याच्या भरवशावर मात्र झाड उभं राहत नाही. तुळशीची कोवळी काडी चिमटीत धरून फिरवा, चार कंगोरे बोटांना लागतील. तिथे स्थूलकोन ऊती असते. तिच्या पेशी जिवंत असतात आणि त्यांच्या कोपऱ्यांवर सेल्युलोजचे धागे आणि चिकट पेक्टिन यांचे जाड थर चढलेले असतात. या भिंती ताणल्या जातात, म्हणून काडी वाऱ्यात वाकते, मोडत नाही. शिवाय तिची वाढही अडत नाही.

जूनपणा येतो तो दृढ ऊतीमुळे. हिच्या लांबट पेशींच्या भिंती आतून जाड होत जातात, सेल्युलोजच्या धाग्यांमधल्या फटींत लिग्निन, म्हणजे लाकडाला टणक करणारा पदार्थ, भरतं आणि शेवटी पेशी मरते. खरं काम त्यानंतर सुरू होतं, कारण मागे उरलेली टणक पोकळ नळीच झाडाला पेलते. शिजवताना पेक्टिन विरघळतं, लिग्निन दाद देत नाही. जून भेंडीला कितीही वाफा द्या, दोरा तो दोराच. शेवग्याच्या शेंगेचा चोथा आपण ताटाच्या कडेला काढून ठेवतो, तोही यामुळेच. फूल उमलल्यापासून ५-६ दिवसांत भेंडी तोडावी लागते. एक तोडा चुकला की माल जून.

भेंडीच्याच कुळातली अंबाडी बघा. कोवळ्या पाल्याची भाजी भाकरीबरोबर खायची आणि तेच झाड वाढलं की खोडं पाण्यात कुजत घालायची. पाण्यातले जिवाणू पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन खाऊन टाकतात आणि दृढ ऊतीचे धागे मोकळे होतात. हाच वाख. बैलांची दावी, कासरे यातूनच वळले जायचे. पेरू खाताना दातांखाली कचकचतात ते कणही दृढ पेशींचेच, फक्त धाग्यांऐवजी खड्यांच्या रूपात. नारळाची करवंटी म्हणजे अशाच पेशींची गच्च रास.

तोडायची राहून गेलेली एखादी भेंडी झाडावरच वाळते, लाकडासारखी खडखडते आणि एक दिवस कंगोऱ्यांवरून उभी उकलते. आत काळपट, गोल बिया ओळीनं बसलेल्या असतात, पुढच्या पेरणीला तयार.